गाभ आणि ताप : ब्रुसेलोसिसचा इतिहास व चांदा-गडचिरोलीचा वनप्रदेश

प्रस्तावना :
रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच पटकी, देवी, प्लेग यांसारख्या गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या साथींकडे जाते. जे रोग सहसा जीव घेत नाहीत, केवळ खंगवितात, त्यांची नोंद दप्तरात क्वचितच सापडते. ब्रुसेलोसिस अर्थात सांसर्गिक गर्भपात हा असाच एक रोग आहे. गाय गाभडते आणि माणसाला ताप येतो. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकाच कुळातील जीवाणू असू शकतो, हे उमगण्यास विज्ञानाला तीन दशके लागली. प्रस्तुत लेखात या शोधाचा थोडक्यात आढावा घेऊन चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

शोधाचा इतिहास :
भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप येत असे. हिवताप व विषमज्वर यांच्याशी त्याची नेहमीच गल्लत होई. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जीवाणू वेगळा केला. १८९७ साली डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी गायींच्या गर्भपातास कारण होणारा जीवाणू शोधला. त्याच वर्षी आल्मरॉथ राइट यांनी माल्टा तापाच्या निदानासाठी रक्तद्रवाची चाचणी सिद्ध केली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमिट यांनी ती चाचणी बेटावरील शेळ्यांवर केली, तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या सुमारे निम्म्या शेळ्यांत संसर्गाची खूण आढळली आणि सुमारे दहांतील एकीच्या दुधातून जीवाणू बाहेर पडत असल्याचे दिसले. १९०६ साली सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतील ताप झपाट्याने ओसरला.

तरीही गायीचा रोग व माणसाचा ताप ही दोन स्वतंत्र प्रकरणेच राहिली. १९१८ साली अमेरिकेतील अॅलिस इव्हान्स यांनी ब्रूस व बांग यांचे जीवाणू निकटचे नातलग असल्याचे दाखविले. प्रथम त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे या जीवाणूंच्या कुळास ब्रूस यांच्या नावावरून ‘ब्रुसेला’ ही संज्ञा रूढ झाली.

संसर्गाची रीत :
गाभण गायीच्या गर्भाशयात व वारेत या जीवाणूची अमाप वाढ होते. परिणामी साधारणतः पाचव्या महिन्यानंतर गाभ पडतो, अनेकदा वार अडकते. वळूंत अंडकोषाची सूज दिसते. पडलेला गाभ, वार व स्राव यांनी दूषित झालेला चारा-पाणी इतर जनावरांना बाधतो. माणसाला हा संसर्ग कच्च्या दुधातून, हातावरील जखमांतून, डोळ्यांच्या वा नाका-तोंडाच्या अंतस्त्वचेतून आणि श्वासावाटेही होतो. माणसाकडून माणसाला तो क्वचितच होतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींमध्येच हा जीवाणू दडून राहतो. म्हणून ताप येतो, उतरतो आणि पुन्हा येतो. घाम, सांधेदुखी, कंबरदुखी व थकवा महिनोन्‌महिने पिच्छा पुरवितात.

चांद्याचे दप्तर :
मध्य प्रांतात गावातील जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल पोलीस ठाण्यात देई. पटकी, देवी, प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते; उरलेले बहुतेक ज्वर ‘ताप’ या एकाच रकान्यात जात. पशुवैद्यकाचे लक्ष बुळकांडीवर केंद्रित होते. १८८९ साली पुण्यात स्थापन होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हललेल्या शाही जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेचे मुख्य कार्यही तेच होते. बुळकांडीने गोठे रिते होत, म्हणून तिची नोंद झाली. गाभडलेली गाय मात्र जिवंत राहते. तिची वर्दी कोण देणार? अशा रीतीने ताप एका दप्तरात विरला आणि गाभ कोणत्याच दप्तरात आला नाही. दप्तरातील हे मौन म्हणजे रोग नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

वनप्रदेशाचे वेगळेपण :
२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचे दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. येथे ढोरकी गावाची गुरे एकत्र करून रानात नेतो; चराई, पाणवठा व वळू सामाईक असतात. एका गोठ्यातील रोग गावाचा होण्यास एवढे पुरेसे आहे. माल्टाची कथा दुधाची होती. माडिया समाजात मात्र गायीचे दूध परंपरेने वासराचे मानले जाते, ते काढण्याची रीत फारशी नाही. म्हणून येथे केवळ ‘दूध उकळून प्या’ हा उपदेश अपुरा ठरतो. अडलेली गाय सोडविणारा, वार ओढून काढणारा, पडलेला गाभ उचलून रानात टाकणारा उघडा हात हा येथील महत्त्वाचा धोका आहे.

दुसरा प्रश्न निदानाचा आहे. राज्यातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीने दीर्घकाळ वाहिला आहे. त्यामुळे तापाच्या रुग्णाची रक्तपट्टी प्रथम हिवतापासाठी तपासली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तपासणीत हिवताप न आढळल्यास पुढे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. ब्रुसेलोसिसचा ताप आपोआपही उतरतो. त्यामुळे दिलेल्या कोणत्याही औषधाने गुण आला असे भासते. वस्तुतः डॉक्सिसायक्लिनसह दुसरे प्रतिजैविक देऊन सुमारे सहा आठवडे चिकाटीने उपचार करावे लागतात.

समारोप :
२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस एकदा टोचण्याची तरतूद आहे. ही लस जिवंत जीवाणूंची असल्याने ती टोचणाऱ्यानेही जपावे लागते. मात्र केवळ लस पुरेशी नाही. बाहेरून आणलेल्या जनावराची रक्तचाचणी, पडलेला गाभ व वार चुना टाकून खोल पुरणे आणि हातमोजे वापरणे, हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दवाखान्यातील डॉक्टरांनी दीर्घ तापाच्या रुग्णास ‘घरची गाय गाभडली का?’ असे विचारणे आणि पशुवैद्यकाने गोठ्याच्या मालकास ‘घरात कोणाला ताप येतो का?’ असे विचारणे. इव्हान्स यांनी प्रयोगशाळेत जोडलेले हे दोन धागे चांद्याच्या दप्तरात अद्याप जोडावयाचे आहेत. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला पशुवैद्यक व वैद्यक यांच्या सहकार्याने हे काम हाती घेता येईल.