सुई आणि कलम

सुई धरायला आम्ही नानीकडे शिकलो. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजून दोरा तोडायचा, त्याहून लांब घेतला की गुंता झालाच म्हणून समजा, हा तिचा पहिला धडा. सुरुवात जुन्या दुपट्ट्याच्या तुकड्यावर, धावदोऱ्याने. तो सरळ आला की तुरपाई, मग बखिया म्हणजे उलटी टीप, मग काज. कशिदा सर्वांत शेवटी. चुकले तर ती रागावत नसे. "उसव आणि पुन्हा घाल" एवढेच म्हणे.

नानी कुरआनशरीफ वाचत असे, उर्दूही अडखळत वाचत असे. लिहिता मात्र येत नव्हते. कागदपत्रांवर ती अंगठा उठवी. मुंगीच्या पावलाएवढा बारीक टाका घालणारा हात सहीच्या जागी अंगठा का देतो, हा प्रश्न लहानपणी आम्हाला पडला नाही. शिक्षक झाल्यावर पडला. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की आपल्या घरांत सुई आणि कलम यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

खरे तर या दोघींचे नाते फार जुने. हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी प्रथम कलमाने लिहिले आणि कपडे शिवून घालण्याची सुरुवातही त्यांनीच केली, असे आपल्या परंपरेत सांगतात. नबी करीम (स.) आपले कपडे स्वतः सांधत, चपला दुरुस्त करीत, अशी हजरत आयेशा यांची रिवायत आहे. म्हणजे सुई ही केवळ बाईची आणि कलम केवळ पुरुषाचे, ही वाटणी धर्माने केलेली नाही. ती समाजाने केली.

भाषेनेही ही वाटणी कधी मानली नाही. मराठी माणूस रोज खिसा, अस्तर, रफू, कशिदा, जरी, रेशीम हे शब्द वापरतो. ते फारसी-अरबी वळणाने आले आहेत. सुई आणि दोरा मात्र संस्कृत-प्राकृतातून आलेले. एकच सदरा शिवताना आपण या सगळ्या भाषा बोलत असतो.

पण घरात काय चालले होते? एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर हिंदुस्थानातील शरीफ घराण्यांत मुलीला शिवण-टिपण आलेच पाहिजे, कुरआन वाचता आलेच पाहिजे. लिहिणे मात्र नको. लिहायला आले तर ती कोणाला पत्र लिहील, ही भीती. बिजनौरच्या अशरफुन्निसा बेगम, ज्यांना बीबी अशरफ म्हणतात, त्यांची हकीकत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. त्यांचा जन्म 1840 चा. कुरआन शिकवायला येणारी उस्तानी विधवा होती. तिचा पुनर्विवाह झाला आणि शिकवणी बंद पडली. पुढे त्या मुलीने तव्याची काजळी घेऊन, घरच्यांची नजर चुकवून, अक्षरे गिरवली. कोणी शिकवणारे नव्हते. हीच मुलगी मोठी झाल्यावर लाहोरच्या व्हिक्टोरिया गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षिका झाली. सुई लपवून धरावी लागत नव्हती, कलम लपवून धरावे लागत होते. नानीच्या अंगठ्याचे अर्धे उत्तर आम्हाला इथे मिळाले.

मग कलम उघडपणे घरात आले कसे? सुईचे बोट धरून आले. 1869 मध्ये डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' प्रसिद्ध झाली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यातली असगरी आपल्या घरातच मोहल्ल्यातील मुलींना शिकवते. वाचणे, लिहिणे, हिशेब आणि त्याच बैठकीत शिवण, स्वयंपाक. नजीर अहमद यांनी हे धोरणाने केले असावे असे आम्हाला वाटते. नुसते लिहिणे शिकवतो म्हटले असते तर बापाने दार लावून घेतले असते. घर चालवायला शिकवतो म्हटल्यावर दार उघडले.

पुढचे पाऊल नियतकालिकांनी टाकले. 1898 मध्ये लाहोरहून 'तहजीबे निसवाँ' हे साप्ताहिक निघाले. संपादिका मुहम्मदी बेगम, पाठीशी त्यांचे पती सय्यद मुमताज अली. बीबी अशरफ यांची हकीकत याच साप्ताहिकातून लोकांसमोर आली. 1904 मध्ये अलिगडहून शेख अब्दुल्ला यांचे 'खातून', 1908 मध्ये दिल्लीहून राशिदुल खैरी यांचे 'इस्मत'. पडद्यातील बाईला घरबसल्या वाचायला मिळू लागले. आपल्या कोकणाशीही याचा धागा जुळतो. जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांची बहीण अतिया फैजी 1906 मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली, आणि तिची तिथली रोजनिशी 'तहजीबे निसवाँ'मध्ये क्रमशः छापून आली. लाहोर-दिल्लीच्या माजघरात कशिद्याची टोपली बाजूला सारून बायका ती वाचत असतील, हे चित्र आमच्यासारख्या बी.एड. झालेल्या शिक्षकाला मोह घालते.

मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'नेही वेगळ्या वाटेने हेच केले. मुलीच्या दहेजात दिल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या दहाव्या भागात घरगुती उपयोगाच्या आणि हाताच्या हुनरांच्या गोष्टी आहेत. त्या वाचायच्या तर वाचता आले पाहिजे.

तेवढ्यात मशीन आले. सिंगरचे पेटंट 1851 चे. हप्त्याने विकायची युक्तीही त्याच कंपनीने लवकर काढली, त्यामुळे मशीन मध्यमवर्गीयांच्या घरांत पोहोचले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले. माणसाची मेहनत वाचवणारे यंत्र म्हणून त्यांनी त्याची तारीफ केली. पुढे देशी 'उषा' आले आणि पायाच्या मशीनचा आवाज मोहल्ल्यामोहल्ल्यांतून ऐकू येऊ लागला. कितीतरी विधवांनी त्या आवाजावर मुले वाढवली.

पण हा इतिहास नुसता गौरवाचा नाही. लखनौच्या चिकनकारीकडे पाहा. लाकडी ठशाने कापडावर कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात, मग ते कापड घरोघर जाते. एका घरी बखिया, दुसऱ्या घरी मुर्री आणि फंदा, तिसऱ्या घरी जाळी. शेवटी धोब्याकडे निळी नक्षी धुऊन निघते आणि पांढरे काम उरते. मुलगी आईजवळ बसून शिकते, पण पुष्कळदा एकच टाका शिकते. पूर्ण कुर्ता कोणत्या बाजारात कितीला विकला गेला, हे तिला कधी कळत नाही. माल आणणारा सांगेल तो दर, तो मोजेल ते नग. 1984 मध्ये लखनौत 'सेवा' संस्था उभी राहिली ती याच कारणाने, की कारागीर बाईला मधल्या माणसाशिवाय दाम मिळावा. 2008 मध्ये चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. हात किती सुरक्षित झाले, हा प्रश्न बाकी आहे.

हा प्रश्न आमच्या वर्गातही येतो. आठवीतील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. घरी गेलो तर ती आईसोबत दुपट्ट्यांवर टिकल्या लावत बसलेली. आई म्हणाली, "टीचर, हुनर तर शिकतेय ना? शाळेत तरी काय वेगळं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. आईचे म्हणणे सगळे खोटे नव्हते. आम्ही मुलीला एवढेच सांगितले, की वहीत तीन रकाने आख: तारीख, नग, दर. महिनाअखेर माल देणाऱ्याच्या हिशेबात सात नग कमी निघाले. आई वही घेऊन त्याच्याकडे गेली आणि पैसे घेऊन परतली. मुलीची शाळा आता बुडतच नाही असे नाही. पण कमी बुडते, आणि वही आईच सांभाळून ठेवते.

नानीच्या अंगठ्याचे उरलेले उत्तर आम्हाला त्या वहीत दिसले. तिला सुई मिळाली, पण सुईचा हिशेब मांडायचे कलम मिळाले नाही. सुई वाईट नव्हती. ती एकटी पडली.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरात कोणी वडीलधारी असेल तर तिला विचारा, सुई कोणाकडे शिकली, पहिले काय शिवले, दाम किती मिळाला. आणि जे सांगेल ते लिहून ठेवा. आम्ही नानीला विचारले नाही. आता विचारायला ती नाही.