वर्दी कोणाची, वेठ कोणाची? जव्हारचे मुकणे आणि १८४८ सालचा एक सरदार



आदिवासी दिन जवळ आला की जव्हार-मोखाड्यातल्या पोरांच्या स्टेटसवर जयविलास पॅलेसचा फोटो येतो. खाली ओळ असते, 'आमचाही राजा होता.' ओळ खोटी नाही, आणि तिची चेष्टा करणाऱ्यांशी मी भांडतो. १३४३ मध्ये जयबा मुकणे या महादेव कोळी सरदाराने उभे केलेले संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. सहाशे वर्षे! पेशवाई शंभर-सव्वाशे वर्षांत आटोपली. आदिवासींना राज्यकारभार काय कळणार, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

पण राजा होता म्हणजे रयतेचे काय होते, हा प्रश्न स्टेटसवर मावत नाही.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. जन्म १९१७ चा, गादी लहानपणीच मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या हिंदी हवाई दलात अधिकारी होते आणि साठच्या दशकात काँग्रेसचे खासदार झाले. आधी गादी, मग वर्दी, मग खादी. दरवाजे त्यांच्यासाठी उघडत गेले, कारण साम्राज्याला असे सरदार हवेच असतात. १९१८ पासून सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या, तेव्हाही पहिली नजर गेली ती संस्थानिक आणि जमीनदारांच्या मुलांवर.

आता आपल्या बाजूने बघा. ज्या महारांच्या जोरावर कंपनी सरकारने लढाया जिंकल्या, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. 'लढाऊ जातीं'च्या यादीत आपण बसत नव्हतो. सैन्यातून पेन्शनीत आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला, उपयोग झाला नाही. सुभेदार रामजींच्या मुलाला १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंटची नेमणूक मिळाली खरी, पण वडिलांच्या निधनाने ती काही दिवसांतच संपली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा दार उघडायला १९४१ उजाडले. त्या वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. एकाला वर्दी मानाने चालून आली, दुसऱ्याला तीच अर्ज-विनंत्या करून मिळवावी लागली.

म्हणून काय, सगळे सरदार सारखेच? इथे मला एक परदेशी उदाहरण आठवते. योसिप येलाचिच हा क्रोएशियाचा सरदार. बाप सेनाधिकारी, हाही ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेतला अधिकारी. १८४८ मध्ये तो क्रोएशियाचा 'बान', म्हणजे सुभेदारासारखा प्रमुख झाला आणि २५ एप्रिलला त्याने शेतकऱ्यांची वेठ रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी याच माणसाने बादशहासाठी हंगेरीवर फौज नेली आणि व्हिएन्नातला उठाव चिरडायला मदत केली. बादशहाने नंतर क्रोएशियावरही तोच जुलूम लादला. झाग्रेबच्या चौकात १८६६ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, कम्युनिस्टांनी १९४७ मध्ये काढला, १९९० मध्ये पुन्हा बसवला. पुतळा उभारणारे आणि काढणारे, दोघांकडेही कारण होते. मला मात्र पुतळ्यापेक्षा ती २५ एप्रिल महत्त्वाची वाटते. निदान एक कागद त्याच्या नावावर आहे.

त्या तारखेनंतर आठवडाभराने, २ मे १८४८ ला, इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरेला फाशी दिली. तोही महादेव कोळीच. त्याने सावकारांविरुद्ध हत्यार उचलले होते. जात एक असली तरी मुकण्यांचा आणि राघोजीचा रस्ता एक नाही, आणि आपली पोरे दोघांना एकाच स्टेटसमध्ये घालतात! राघोजीनंतर दहा वर्षांच्या आत इंग्रजांनी कोळ्यांचीच पलटण उभी करून ती भिल्लांच्या बंडावर पाठवली, हेही लक्षात ठेवा. साम्राज्य दडपलेल्यांनाच एकमेकांसमोर उभे करते.

मुकणे हवाई दलात होते त्या काळात शेजारच्या डहाणू-उंबरगावात वारल्यांची वेठबिगारी चालू होती. लग्नाच्या कर्जापायी अख्खे जोडपे मालकाकडे राबायचे, त्याला 'लग्नगडी' म्हणत. ती मोडली गोदावरी परुळेकरांसोबत उठलेल्या वारल्यांनी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. आमच्याकडच्या किती पोरांच्या स्टेटसवर जेठ्याचे नाव आहे?

राजाचा द्वेष करा, असे मी म्हणत नाही. महादेव कोळी तरुणाला त्या घराण्यातून आत्मविश्वास मिळत असेल तर मिळू द्या. पण कातकरी आणि वारल्याच्या पोराला त्याच राजवाड्यात आपला इतिहास शोधायला लावू नका. संस्थान विलीन होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली तेव्हा, १९९२ मध्ये, जव्हारच्याच वावर-वांगणीत मुले कुपोषणाने मेली. आणि दिवाळी झाली की मोखाड्यातली कुटुंबे आजही उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल फिटेपर्यंत परतता येत नाही. पुढच्या आदिवासी दिनाला मंडळाच्या पोरांनी पॅलेससोबत त्या उचलीचा हिशेबही स्टेटसवर टाकावा. आकडे गोळा करायला मी सोबत येतो.