सावतोबांच्या मळ्यातली मिरची

वाचकहो, भाद्रपदात परसात एक फेरी मारून पाहा. दोडके-पडवळ मांडवावरून लोंबत असतात, अळूची पाने सुपाएवढी झालेली असतात. दुधीचे पांढरे फूल दिवेलागणीला उमलते आणि त्यावर पतंग येतात. तांबड्या भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उघडते. त्यात लोळून मधमाश्या पिवळ्याधमक होऊन निघतात. हा थाट पाहिला की वारकऱ्याच्या तोंडी अरणच्या सावतोबांचेच नाव येणार. मळ्यातच विठ्ठल पाहणारे सावतोबा शके १२१७ मध्ये, म्हणजे सन १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते.

त्यांच्या नावाचा जो अभंग लहानथोरांना पाठ आहे, त्यात मळ्यातल्या जिनसांबरोबर मिरचीही येते. शंका इथेच आहे. मिरची मूळची आपली नव्हे, ती अमेरिका खंडातली. तिकडे रानमिरचीचे बी पाखरांनी पसरवले, कारण पाखरांच्या जिभेला तिचा तिखटपणा लागतच नाही. (आपल्या परसातला पोपट पिकली मिरची मिटक्या मारीत खातो, त्याचे कारणही हेच.) कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि गोवा पोर्तुगीजांकडे गेले १५१० साली. त्यांच्याच गलबतांतून हे झुडूप आपल्या किनाऱ्याला लागले. तोवर सावतोबांना जाऊन २०० वर्षे उलटली होती. मग अभंगात मिरची आली कुठून? शिकलेली मुले कीर्तन आटोपल्यावर हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यांना नास्तिक म्हणून गप्प बसवू नये.

काही मंडळी समाधान करतात की, तिथे मिरी अभिप्रेत आहे. मिरचीला नाव मिरीवरूनच मिळाले, हे खरे. पण मिरीचा वेल भरपूर पावसाच्या, दमट सावलीच्या मुलखात वाढतो. माढ्याच्या कोरड्या रानात तो कसा तग धरणार? असा ओढूनताणून अर्थ लावल्याने संतांचा मान वाढत नाही.

मला पटते ते असे. अभंग पोथीत राहिला त्याहून अधिक गळ्यात राहिला. मोट हाकणाऱ्यांनी, खुरपणाऱ्या बायांनी, दिंडीतल्या विणेकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या म्हटला. वाफ्यात नवे पीक आले, तसे ते गाण्यातही आले. शेजारच्या कानडी मुलखात विठ्ठलभक्त पुरंदरदासांच्या नावावर मिरचीचे एक पद सांगतात. ते १५६४ साली निवर्तले, म्हणजे मिरची तेव्हा नवलाईचीच. सावतोबांचा मळा त्यांच्यामागे ओसाड पडला नाही, लोक त्यात लावणी करीत राहिले. म्हणून कीर्तनात मी तो शब्द गाळत नाही, आणि तो तेराव्या शतकातला आहे असेही सांगत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येते, त्याला फार विद्वत्ता लागत नाही.

शिवाय एकट्या मिरचीलाच का धरावे? नावात श्रावण मिरवणारा श्रावणघेवडा अमेरिकेचा. देवाच्या हारातला झेंडू मेक्सिकोकडचा. पेरूही तिकडचाच. ऋषिपंचमीचे घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसात हाताने लावलेल्या भाज्यांची एकच भाजी करतात. नियम केवढा कडक! अळू, पडवळ, दोडका या भाज्या इथल्या जुन्या. पण त्याच पातेल्यात तांबडा भोपळा पडतो आणि मक्याचे कणीसही, आणि ही दोन्ही समुद्रापलीकडची. सोवळ्यातल्या आजीबाईंनी बैल कुठे जुंपला होता का, एवढे नेमके विचारले. मग कणसाचे तुकडे केले, पातेल्यात टाकले आणि नैवेद्य ऋषींपुढे ठेवला.