जमिनीची गुणगुण

कळवण-पेठकडे मांडणीतली भांडी खणखणली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नाशिकच्या ‘मेरी’तल्या भूकंपमापकाचा आकडा येतो. पण भूकंपमापक फक्त भूकंपापुरता जागा नसतो. उरलेल्या वेळी तो जमिनीची बारीक थरथर टिपत असतो: समुद्राच्या लाटा, वारा, रेल्वे, महामार्गावरचे ट्रक. ही थरथर बराच काळ निव्वळ अडथळा मानली गेली. ती कामाची ठरली, त्याची ही गोष्ट.

१८७०च्या सुमारास इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये तिमोतेओ बेर्तेल्ली हा धर्मगुरू टांगलेल्या लंबकाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहू लागला. लंबक कधीच पूर्ण स्थिर नसायचा. १८९८ मध्ये कलकत्त्यात अलीपूरला भूकंपमापक बसला, पाठोपाठ मुंबईत कुलाब्यालाही. यंत्रं सुधारली तशी ही थरथर ठळक झाली आणि भूकंप नीट वाचता यावा म्हणून ती गाळण्याची धडपड सुरू झाली.

उलटा विचार जपानमध्ये झाला. १९५०च्या दशकात कियोशी कानाई यांनी दाखवलं, की थरथर जागेनुसार बदलते: खडकावर एक, गाळावर दुसरी. १९८९ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेतल्या युताका नाकामुरा यांनी एक सोपी युक्ती रूढ केली. एकच यंत्र जमिनीवर ठेवायचं, अर्धा तास थरथर नोंदवायची आणि आडव्या हालचालीला उभ्या हालचालीनं भागायचं. ज्या वारंवारितेला भागाकार उसळी मारतो, ती त्या मातीची लय. असं का होतं यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. पण मऊ मातीखाली कडक खडक असेल, तर लय बहुधा बरोबर सापडते.

या लयीचं करायचं काय? समजा, खडकावर २० मीटर माती आहे आणि तिच्यातून आडवा कंप सेकंदाला २०० मीटर वेगानं जातो. वेगाला जाडीच्या चौपटीनं भागा: सेकंदाला अडीच झोके, म्हणजे एक झोका ०.४ सेकंदाचा. इमारतीचा झोका ढोबळमानानं मजल्यामागे ०.१ सेकंद. म्हणजे या मातीची लय जुळते ती चार मजली इमारतीशी. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का मिळत राहावा, तसं होतं.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीनं हे अनुभवलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर. पण शहराचा मध्यभाग जुन्या तळ्याच्या गाळावर. त्या गाळाची लय दोन सेकंदांच्या आसपास, आणि तिच्याशी झोका जुळलेल्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपानं दोनशे किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पाडल्या. तिथे साबरमतीचा गाळ होता आणि पार्किंगसाठी मोकळे सोडलेले तळमजलेही.

आता नाशिक पाहा. पांडवलेणी अखंड बेसाल्टमध्ये कोरलेली. गोदाकाठी नदीचा गाळ. जुन्या नाशकातली मातीची गढी तर माणसांनीच वाढवलेली: १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात उत्खनन केलं, तेव्हा वस्त्यांचे थरावर थर निघाले. पुरातत्त्वाला तो इतिहास. भूकंपाच्या लाटेला ती मऊ माती. २००२ च्या भारतीय भूकंप संहितेत मात्र अख्खं नाशिक एकाच रंगात, झोन तीनमध्ये. संहिता मातीचे तीन ढोबळ प्रकार मानते. पण कोणत्या गल्लीखाली कोणता, हे तो नकाशा सांगत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती लय सांगते. हादरा किती पटीनं वाढेल, हे भरवशानं सांगत नाही. मोठ्या भूकंपात मऊ मातीचं वागणंही बदलतं. त्यामुळे बोअर घेणं आणि माती तपासणं चुकत नाही. पण बोअर कुठे घ्यायचे, हे ती स्वस्तात सुचवते.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. दोन्ही पहाटे, लोक झोपेत असताना. दोन्हीनंतर आपण यंत्रं वाढवली. गावठाणातले वाडे पाडून आज तिथे बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. पाया खोदण्याआधी त्या जागेची लय अर्ध्या तासात ऐकता येते. त्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही.