समासातली दुरुस्ती

लग्न दोन माणसांचं होतं, पण त्याची आठवण ठेवण्याचं काम शेवटी एका वहीवर येऊन पडतं. मांडव उतरतो, साक्षीदार म्हातारे होतात, निकाह पढवणारे काझीसाहेब एक दिवस जातात. उरते ती वही. आणि त्या वहीतच नाव चुकीचं पडलं असेल तर? प्रश्न लहान वाटतो. पण त्यापायी कुणाचं निवृत्तिवेतन अडतं, कुणाचा पासपोर्ट, तर कुणाचा वारसाहक्क. म्हणून या लहान प्रश्नाचा इतिहास आज थोडा चाळून पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपल्या नोंदवह्यांची रीत तिथून आली. १७५३ साली तिथे लग्नांविषयी एक कडक कायदा झाला. गुपचूप लावलेल्या लग्नांमुळे मालमत्तेचे तंटे फार माजले होते. त्यामुळे लग्नाच्या वहीत खोटी नोंद करणाऱ्याला किंवा लबाडीने फेरफार करणाऱ्याला या कायद्याने थेट देहान्ताची शिक्षा सांगितली. लबाडाचा बंदोबस्त झाला. पण लिहिणाऱ्याच्या हातून सरळपणाने झालेल्या चुकीचं काय?

त्याचं उत्तर १८३६ च्या नोंदणी कायद्यात सापडतं. चूक लक्षात आल्यापासून महिन्याच्या आत, ज्यांचं लग्न झालं त्यांच्या समक्ष ती सुधारावी. मात्र मूळ नोंदीला हात लावू नये. दुरुस्ती पानाच्या समासात लिहावी.

हे कलम पुढे समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ते आहे. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली विशेष विवाह कायदा झाला. वेगवेगळ्या धर्मांच्या स्त्री-पुरुषांना आपापला धर्म न सोडता लग्न करता यावं म्हणून केलेला हा कायदा. त्याच्या ४९ व्या कलमात जवळपास तेच शब्द पुन्हा येतात. नवरा-बायको समोर हवेत. ते हयात नसतील किंवा हजर नसतील, तर दोन विश्वासू साक्षीदार हवेत. समासातल्या दुरुस्तीखाली विवाह अधिकाऱ्याची सही आणि तारीख हवी, आणि ज्यांच्यासमोर ती झाली त्यांच्याही सह्या हव्यात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातही मूळ नोंद न बदलता समासातच लिहायला सांगितलं आहे. पोर्तुगीज अमलापासून नागरी नोंदणीची वेगळी पद्धत असलेल्या गोव्यातही घटस्फोट झाला तर त्याचा शेरा विवाहाच्या मूळ नोंदीच्या कडेला पडतो.

मला या कलमात मोठं शहाणपण दिसतं. कवितेत आम्ही खुशाल खाडाखोड करतो, कागद फाडून नवा घेतो. कायद्याला ती मुभा नाही. चूक झाली हेही खरं आणि ती सुधारली हेही खरं. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी राहिली पाहिजेत. आपल्या भाषेत पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेला समास म्हणतात आणि दोन शब्द जोडले जातात त्यालाही समासच म्हणतात. लग्नाच्या वहीला दोन्ही अर्थ लागू पडतात.

आता आमच्या निकाहनाम्याकडे येतो. महाराष्ट्रात काझीपण हे जुनं वतन. काझी हे आडनाव आजही गावोगाव भेटतं. इंग्रज सरकारने १८६४ च्या कायद्याने काझी नेमण्याची जुनी पद्धत बंद केली. पुढे मुसलमानांच्या मागणीवरून १८८० साली काझी कायदा आला आणि सरकार पुन्हा काझी नेमू लागलं. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातच स्पष्ट म्हटलं आहे की, या कायद्यामुळे काझीला कोणतेही न्यायाचे अधिकार मिळत नाहीत आणि निकाहाला नेमलेला काझी हजर असलाच पाहिजे असंही नाही. वही कशी ठेवायची, नाव चुकलं तर ते कसं सुधारायचं, याविषयी मात्र त्यात एक अक्षरही नाही. ख्रिस्ती लग्नाच्या वहीला १८७२ पासून समास होता. आमची वही ज्याच्या त्याच्या हातावर राहिली.

त्यात लिपीचा गुंता. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. तेच नाव एक कारकून नुसरत वाचतो, दुसरा नसरत. इंग्रजीत सय्यद किती तऱ्हांनी लिहितात ते मोजूच नये. शिवाय निकाहात मुलीचं नाव बापाच्या नावासह घेतात. अमुक बिन्ते अमुक, म्हणजे अमक्याची मुलगी. लग्नाने ते बदलत नाही. पण मराठी मुलखाची रीत वेगळी. इथे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव येतं. आम्हीही याच मातीतले, त्यामुळे आमच्या बायकांच्या रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव चढलं. निकाहनाम्यात बापाची मुलगी, रेशनकार्डावर नवऱ्याची बायको. बाई एकच, कागदांवर दोन.

माझ्या एका खालाच्या वाट्याला हे आलं. खालू एका कचेरीत शिपाई होते. ते गेल्यावर खाला निवृत्तिवेतनासाठी अर्ज घेऊन गेली. कचेरीतल्या कागदांवर तिच्या नावाला ‘बी’ जोडलेला आणि पुढे नवऱ्याचं नाव. उर्दू निकाहनाम्यात ‘बी’ नाही आणि पुढे बापाचं नाव. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘‘यातली तुम्ही कोण?’’ खाला म्हणाली, ‘‘दोन्ही मीच, बाबा.’’ प्रतिज्ञापत्र झालं, उर्दूचं भाषांतर झालं, निकाहाला हजर असलेले एक म्हातारे शेजारी रिक्षाने आणावे लागले. पैसे सुरू व्हायला दोन वर्षांवर काळ गेला. २००९ पासून हजला जाणाऱ्यांनाही आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू लागला, तेव्हा असे कितीतरी निकाहनामे पेट्यांतून बाहेर निघाले.

सरकारने या बाबतीत काही केलंच नाही असं नाही. मुंबई राज्याने १९५३ साली विवाह नोंदणीचा कायदा केला. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सगळ्या धर्मांच्या विवाहांसाठी एकच ज्ञापन आणलं. त्यावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी वा काझी यांच्या सह्या असतात. २००६ साली सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असा आदेश राज्यांना दिला. निकाहनाम्याला आता सरकारी वहीची जोड मिळते.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. चूक दुरुस्त करणं वेगळं आणि नाव बदलणं वेगळं. लग्नाच्या दिवशी जे नाव खरं होतं, तेच वहीत राहणार. नंतर बदललेलं नाव राजपत्रात छापून आणावं लागतं, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. म्हणजे पुन्हा तोच समासाचा न्याय. आणि लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे, असं आपला कोणताही कायदा सांगत नाही. रूढी सांगते, आणि रूढीचा अर्ज कोणी तपासत नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि नंतर आडनाव यावं. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी नवऱ्याच्या नावाची प्रचलित पद्धत कायम ठेवली. मालमत्तेच्या कागदांवर मात्र लग्नाआधीचं नाव लावण्याची तिला मुभा दिली. आईचं नाव मुलाच्या ओळीत आलं, हे चांगलंच झालं. पण तेव्हा ते अचूक लिहिलेलं असण्याची गरजही वाढली. आईच्या निकाहनाम्यातली वेलांटी आता मुलाच्या दाखल्यापर्यंत पोचणार आहे.

म्हणून सांगणं एवढंच. लग्नघरात जेवणावळीचा, मानपानाचा हिशोब दहादा तपासला जातो. निकाहनामा असो की नोंदणीचं ज्ञापन, सही करण्याआधी नवऱ्या मुलीच्या हातात तो कागद द्या आणि तिला तिचं नाव मोठ्याने वाचू द्या. उर्दूत, मराठीत, इंग्रजीत, तिन्हींत. त्याला पाच मिनिटं लागतात. माझ्या खालाला दोन वर्षं लागली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)