के दिहुआ होण्याआधी

मी सोलापूरचा. आमच्या गावात डॉ. कोटणीस हे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. व्ही. शांतारामांचा १९४६चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ मी शाळेत असताना पाहिला. पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात एवढंच होतं, की डॉक्टर बोटीत बसले, चीनला उतरले आणि लगेच तोफांच्या आवाजात शस्त्रक्रिया करू लागले. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की पहिले पाच महिने नुसती माघार आणि वाट बघणं होतं. आज मला त्याच दिवसांबद्दल बोलायचंय.

१९३७ साली जपाननं चीनवर चढाई केली. चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी आवाहन केलं, बावीस हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमचे द्वारकानाथ कोटणीस. वय सत्तावीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेले. घरच्यांना चीनची ओळख किती? त्यांच्या बहिणीनं पुढं सांगितलं होतं, की चिनी रेशीम विकायला दारावर माणसं येत, तेवढीच.

१ सप्टेंबरला बोट मुंबईहून सुटली. १७ तारखेला पथक कँटनला पोचलं. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग होत्या. हारतुरे झाले असतील, पण शहरावर जपानी विमानांचे बॉम्ब पडत होते. महिनाअखेरीस मंडळी हँकौला पोचली आणि जखमी सैनिकांच्या इस्पितळात कामाला लागली. भाषा येत नाही. ‘कुठं दुखतंय?’ हा डॉक्टरचा पहिला प्रश्न, तोच विचारता येत नाही!

२१ ऑक्टोबरला कँटन पडलं. ज्या दारातून आत आले, ते दार महिन्याभरातच बंद झालं. त्याच आठवड्यात हँकौही गेलं. मग यांगत्सेच्या काठानं आधी इचांग, तिथून चोंगचिंग. जायचं होतं येनानला, चू ते यांच्या फौजेकडे. पण च्यांग कै-शेक यांच्या सरकारला या डॉक्टरांनी कम्युनिस्टांकडे जाणं रुचत नव्हतं. म्हणून थांबा.

त्या थांबण्यातच वडील गेल्याची बातमी आली. परत जायला याहून सबळ कारण कुठलं? सोबत्यांनी जा म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. आजवर हातून काही मोठं घडलेलंही नव्हतं, की ज्यासाठी अडून राहावं. तरी ते राहिले. मला कोटणीसांची थोरवी पुढच्या लढायांइतकीच इथं दिसते.

चोंगचिंगलाच आणखी एक गोष्ट घडली. शांतिनिकेतनच्या चीनाभवनाचे तान युन-शान तिथं होते. त्यांनी पाचही जणांच्या चिनी नावांपुढं ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. आता माझ्या घरात उर्दू बोलली जाते आणि मी कविता मराठीत करतो, त्यामुळे हा शब्द माझ्या कानाला दोनदा वाजतो. आमच्याकडे ‘हुआ’ म्हणजे ‘झाला’. माझं नाव ऐकून ‘मराठी कुठं शिकलात?’ असं अजूनही लोक विचारतात. कोटणीसांनाही तिथं कुणी चिनी कुठं शिकलात म्हणून विचारलं असेल. कारण पुढं ती भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली.

जानेवारी १९३९मध्ये परवानगी मिळाली. पाचही जण उत्तरेच्या थंडीत निघाले आणि १२ फेब्रुवारीला येनानला पोचले. पुढच्या काही वर्षांत चौघे एकेक करून मायदेशी परतले. के दिहुआ ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. मुलगा तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत.