जन्ममास आणि सूर्यप्रकाश

जन्ममासावरून माणसाचे भविष्य वर्तविण्याची प्रथा पुरातन आहे. परंतु वैद्यकशास्त्रानेही एका रोगासाठी जन्ममासाची चौकशी करावी, हे नवलच होय. तो रोग म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर उलटते. ऐन तारुण्यात दृष्टी मंदावते, पाय लटपटू लागतात.

१८६८ साली पॅरिस येथे शार्को यांनी या रोगाचे स्वरूप निश्चित केले. पुढे असे दिसून आले की, विषुववृत्तापासून दूरच्या, कमी उन्हाच्या देशांत तो अधिक आढळतो.

२००५ साली कॅनडा, ब्रिटन, डेन्मार्क व स्वीडन येथील बेचाळीस हजारांवर रुग्णांच्या जन्मतारखा पडताळल्या गेल्या. मे महिन्यात जन्मलेले अपेक्षेहून अधिक भरले, नोव्हेंबरातील कमी. मे महिन्यातील बालकाच्या मातेने गरोदरपणीच अंधारा हिवाळा काढलेला असतो. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे. तेथे २०१० साली नोव्हेंबर-डिसेंबरचेच पारडे जड ठरले! सूर्यप्रकाशाने मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाकडे संशय वळला.

तथापि २०१३ साली केंब्रिजच्या संशोधकांनी आक्षेप घेतला : मुळात सर्व जन्मच महिन्यामहिन्याला व प्रांतोप्रांती कमीअधिक होतात, मग हा फरक रोगाचा कशावरून? २०१६ साली फिनलंडमध्ये मातांच्या जपून ठेवलेल्या रक्ताची परीक्षा झाली, तेव्हा मात्र ड जीवनसत्त्वाच्या उणिवेने अपत्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला.

वाद मिटलेला नाही. एवढे मात्र खरे की, मे महिन्यात जन्मलेल्यांपैकीही बहुतेकांना हा रोग शिवत नाही. म्हणून कोणाही मातेने प्रसूतीच्या महिन्याचा दोष आपल्या माथी घेऊ नये.